टाकीला आधी विरजण लागू द्या

नाशिकहून एका आईने विचारलंय: "मुलीच्या वाढदिवसाला दोन फुटांची काचेची टाकी घेतली. दुसऱ्याच दिवशी दहा निऑन, सहा गप्पी, दोन एंजल आणि एक निळा फायटर सोडला. काच स्वच्छ राहावी म्हणून दुकानदाराने एक सकर मासाही दिला. पाचव्या दिवसापासून मासे मरायला लागले. त्याच्याच सांगण्यावरून निळं औषध घातलं, सगळं पाणी काढून टाकी आणि फिल्टर धुतला. तरी दोन आठवड्यांत बारा मासे गेले. उरलेले वर येऊन तोंड उघडझाप करतात. छोटे रंगीत मासे घरी नीट जगवायचे तरी कसे?"

ताई, तुमच्या वर्णनावरून हे मासे रोगाने गेलेले दिसत नाहीत. पाणी नितळ दिसतंय, टाकी नवी आहे आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून एकेक मासा जातोय, हे चित्र मी गेल्या बावीस वर्षांत खूप घरांत पाहिलंय. तुमच्या पाण्यात अमोनिया आणि नायट्राइट साठलंय. दोन्ही विषारी आहेत आणि दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. निळं औषध घालणं आणि फिल्टर धुणं या दोन गोष्टींनी ते आणखी वाढलं. यात तुमचा दोष नाही. तुम्हाला जे सांगितलं गेलं ते तुम्ही मनापासून केलंत.

आठ मासे अजून आहेत, तेव्हा आधी त्यांचं बघू. आज आणि उद्या खाणं पूर्ण बंद ठेवा. छोटा मासा दोन दिवस उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही, पण विष साठलेल्या पाण्यात टाकलेला प्रत्येक दाणा आणखी अमोनिया तयार करतो. टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी काढा आणि तेवढंच, क्लोरीन काढलेलं आणि हाताला तितकंच कोमट लागणारं पाणी सावकाश भरा. उद्या पुन्हा, परवा पुन्हा. तुमच्या टाकीची मापं साधारण ६० बाय ३० बाय ३८ सेंटिमीटर असतील. खडे आणि वरची मोकळी जागा सोडली की प्रत्यक्षात पाणी ५५ लिटरच्या आसपास भरतं. त्यात ५५ ग्रॅम जाडं मीठ, म्हणजे लिटरला एक ग्रॅम, मगभर पाण्यात विरघळवून तीन-चार तासांत थोडं थोडं घाला. ज्या दारातून नायट्राइट माशाच्या कल्ल्यांत शिरतं, त्याच दारातून मिठातलं क्लोराइड शिरतं. दारात क्लोराइडची गर्दी झाली की नायट्राइटला वाट मिळत नाही. नायट्राइट रक्तात गेलं की रक्त ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही, म्हणून तर पाण्यात हवा असूनही मासे वर येऊन धापा टाकतात. हे मीठ एकदाच घालायचं. पुढे पाणी बदलाल तेव्हा जेवढं पाणी काढलं तेवढ्यापुरतंच मीठ नव्या पाण्यात घाला, नाहीतर रोज वाढत जाईल.

निळं औषध थांबवा. दुकानात मिळणारं निळं औषध बहुधा मेथिलीन ब्लू असतं. बुरशी लागलेल्या अंड्यांना किंवा वेगळ्या बादलीत ठेवलेल्या आजारी माशाला त्याचा उपयोग आहे, पण मुख्य टाकीत ते फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मारतं. फिल्टरमध्ये कोळशाची (अॅक्टिव्हेटेड कार्बनची) पुडी ठेवलीत तर एक-दोन दिवसांत निळेपणा उतरेल. आणि एअर पंप रात्री बंद करत असाल तर तो आजपासून चोवीस तास चालू राहू दे. आवाजाने झोप लागत नाही म्हणून रात्री बंद करणारी बरीच घरं मला माहीत आहेत. पंपाखाली जाड स्पंज ठेवला की आवाज निम्मा होतो.

आता मूळ गोष्ट. कोमट दूध नुसतं झाकून ठेवलं तर त्याचं दही होत नाही. त्याला चमचाभर विरजण लागतं आणि ते लागायला वेळ द्यावा लागतो. माशांच्या टाकीचंही तेच आहे. मासा श्वास घेतो तेव्हा त्याच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. नदीत हा अमोनिया अफाट पाण्यात विरून जातो, पण ५५ लिटरमध्ये तो जाणार कुठे? तो खाणारे जिवाणू निसर्गात आहेत. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. हे नायट्रेट बरंच निरुपद्रवी असतं, झाडं ते शोषतात आणि उरलेलं आपण पाणी बदलून काढतो. ही दोन कामं दोन वेगळ्या गटांचीच, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. २०१५ साली नायट्रोस्पिरा कुळातले काही जिवाणू दोन्ही कामं एकट्याने करतात असं लक्षात आलं. आपल्याला एवढं पुरे की हे सगळे फार सावकाश वाढतात. दह्याचे जिवाणू तासाभरात दुप्पट होतात, यांना साधारण एक दिवस लागतो. म्हणून दही रात्रीत लागतं आणि टाकी लागायला चार ते सहा आठवडे जातात.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजला, खड्यांना, काचेला चिकटून राहतात. म्हणून तिसरा हिस्सा पाणी बदललं तरी त्यांना धक्का लागत नाही, पण नळाखाली स्पंज खळखळून धुतला तर क्लोरीनने ते मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. दर महिन्याला माणूस येतो, मासे बादलीत काढतो, टाकी घासूनपुसून लख्ख करतो आणि दोन दिवसांनी दोन मासे मरतात, असं ज्यांच्याकडे होतं त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. मीही पहिली दोन वर्षं दर रविवारी सगळं धूत होतो. शेजारच्या काकांची टाकी हिरवट, खड्यांवर शेवाळ, आणि त्यांचे मासे मात्र तीन-तीन वर्षं जगायचे. त्यांनी एकदा स्वतःच्या फिल्टरचा मळका स्पंज माझ्या टाकीत पिळला. मला ते पाहवलं नव्हतं, पण त्यानंतर माझ्याकडचं मरणं थांबलं.

तुमच्यासाठीही हाच सर्वांत जवळचा मार्ग आहे. ओळखीत कुणाकडे वर्षभर नीट चालू असलेली टाकी शोधा, जिथे गेल्या दीड-दोन महिन्यांत नवा मासा आला नाही आणि कुठला आजार नाही. शेजारणीकडे विरजण मागावं तसा त्यांच्याकडे जुन्या स्पंजचा तळहाताएवढा तुकडा मागा. त्याच टाकीच्या पाण्यात भिजवून पिशवीतून आणा, वाळू देऊ नका, आणि तासाभरात तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. सहा आठवड्यांचं काम दहा-पंधरा दिवसांवर येतं. दुकानातल्या टाकीचा स्पंज मात्र आणू नका, तिथे रोज नवे मासे येतात आणि त्यांच्याबरोबर रोगही.

नवी टाकी लावणारं दुसरं कुणी हे वाचत असेल तर त्यांनी मासे आणायच्या आधीच हे करावं. रिकाम्या टाकीत फिल्टर चालू करा आणि जिवाणूंना खायला अमोनिया द्या. सगळ्यांत सोपं म्हणजे रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकून ते कुजू देणं, पण त्याचा वास येतो आणि अंदाज नीट येत नाही. मी नवसागर वापरतो, म्हणजे अमोनियम क्लोराइड. मात्र कल्हईवाल्याकडचा नव्हे, त्यात काय काय मिसळलेलं असतं सांगता येत नाही. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातला शुद्ध घ्यावा. ५५ लिटरला सुमारे ०.३५ ग्रॅम घातला की अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत जातो. थेंब टाकून रंग पाहायचं टेस्ट किट मिळतं, ते घ्या. कागदी पट्ट्यांपेक्षा ते जास्त भरवशाचं. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरताना नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल. संध्याकाळी घातलेला नवसागर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पूर्ण नाहीसा व्हायला लागला, अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य दिसलं, की टाकी लागली. मग निम्मं पाणी बदला आणि मासे आणा. तेही एकदम वीस नकोत. पहिले सहा, दोन आठवड्यांनी पुढचे.

तुमच्या घरी पाणी कुठलं येतं? हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, कारण कुठले मासे घ्यायचे याचं अर्धं उत्तर त्यात असतं. नाशिकला गंगापूर धरणाचं पाणी येतं, पुण्याला खडकवासल्याचं, मुंबईला तानसा, वैतरणा, भातसाचं. पावसाचं साठवलेलं हे पाणी मऊ असतं. पण बऱ्याच सोसायट्यांत त्यात बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळतात. आपल्याकडच्या काळ्या बसाल्टमधून मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट उतरलेलं असतं. घरातल्या बाईला हे यंत्राशिवाय कळतं: साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, बादलीवर आणि गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. असं पाणी जड आणि बहुधा अल्कधर्मी, पीएच ८ च्या पुढे. पीएच म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधोमध. अशा पाण्यात अमोनियाचा विषारीपणा फार वाढतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त भाग विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तो पाच टक्क्यांपुढे जातो. म्हणजे मोजलेला अमोनिया तोच, पण जाच दहापट. एका उन्हाळ्यात आमच्या सोसायटीला महिनाभर टँकर लागला. मी नेहमीच्या सवयीने निम्मं पाणी बदललं आणि चार वर्षं सांभाळलेला निऑनचा थवा दोन रात्रींत गेला. तेव्हापासून मी पाणी बदलण्याआधी पीएच मोजल्याशिवाय बादली उचलत नाही.

पाणी मऊ करायला सगळं आरओचं पाणी घालू नका. त्यात क्षार इतके कमी असतात की पीएच अचानक घसरतो आणि माशांच्या अंगातल्या क्षारांचं गणित बिघडतं. बोअरचं पाणी फार जड असेल तर निम्मं आरओ मिसळता येतं, पण मग ते प्रमाण दर आठवड्याला तेच ठेवावं लागतं. मला विचाराल तर नळाला येणाऱ्या पाण्याला मानवणारे मासे निवडावेत. क्लोरीन मात्र प्रत्येक वेळी काढायचंच. दुकानात अँटीक्लोरीन म्हणून मिळतं ते बहुतेक सोडियम थायोसल्फेट, जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणत तेच. ते नसेल तर बादलीत पाणी भरून एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) सोडून चोवीस तास ठेवा.

आता तुमचे मासे. दोन एंजल, फायटर आणि सकर परत करा. दुकानदाराने घेतले नाहीत तर मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या. एंजल आज नाण्याएवढा दिसतो, पण तो वीतभर पसरणारा मासा आहे आणि तोंडात मावणारा निऑन तो खातोच. फायटरला गप्पीची झुलती शेपटी दुसऱ्या फायटरसारखी वाटते, मग तो ती कुरतडतो. त्याला एकट्याला १५-२० लिटरची टाकी आणि हीटर दिला तर तो फार सुंदर राहतो. त्याचं गाव थायलंड, २०१९ साली तिथे त्याला राष्ट्रीय जलचराचा मान मिळाला. तिथे तो उथळ, झाडांनी भरलेल्या कोमट पाण्यात राहतो. वरून हवा घेता येते म्हणून त्याला काचेच्या ग्लासात ठेवून विकतात, ते मला बघवत नाही. सकर तर फूट-दीड फुटापर्यंत वाढतो आणि जेवढं शेवाळ खातो त्याहून कितीतरी जास्त घाण करतो. काचेवरचं शेवाळ जुन्या एटीएम कार्डाने दोन मिनिटांत निघतं.

बोअरचं पाणी येत असेल तर गप्पी. दुसरा विचारच करू नका. त्रिनिदाद आणि आसपासच्या दक्षिण अमेरिकेतला हा मासा आपल्याकडे डासांच्या अळ्या खातो म्हणून नगरपालिकांच्या मलेरिया विभागांनी गावोगाव पोचवला. दुकानातले मोठ्या शेपटीचे रंगीत गप्पी याच जातीचे. जड पाणी त्यांना मानवतं. मोली आणि प्लॅटी या माशांचंही तसंच. एक लक्षात ठेवा, गप्पी अंडी घालत नाहीत, साधारण चार आठवड्यांनी थेट पिल्लं देतात, एकावेळी वीस-तीस सहज. मादी नराचं बीज काही महिने साठवून ठेवते, त्यामुळे नर नसतानाही पिल्लं होत राहतात. मुलीला पिल्लं पाहायची असतील तर एक नर, तीन माद्या आणि भरपूर झाडं. नुसता रंग हवा असेल तर आठ नर. नर आणि माद्या सारख्या संख्येने ठेवले तर नर माद्यांना क्षणभर उसंत देत नाहीत आणि त्या खंगतात.

धरणाचं मऊ पाणी असेल तर निऑन शक्य आहेत, पण सहा महिने जुन्या टाकीत. पश्चिम अॅमेझॉनच्या सावलीतल्या मऊ पाण्यातला हा मासा. आज बाजारात येणारे बहुतेक निऑन पैदास केंद्रांतलेच असले तरी नव्या टाकीचे चढउतार त्यांना सोसत नाहीत. दहाचा थवा ठेवा. दोन-तीन ठेवले तर ते कोपऱ्यात दबून राहतात आणि रंग फिका पडतो. पहिला मासा म्हणून मी आपलाच झेब्रा सुचवेन, निळ्या-सोनेरी आडव्या पट्ट्यांचा. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली कोसी नदीतल्या माशांवरून त्याचं वर्णन केलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत हृदय कसं भरून येतं, हाडं कशी घडतात यावर त्याच्यावर काम चालतं, कारण त्याचं हृदय इजा झाल्यावर पुन्हा वाढतं. तो चपळ आहे, १८ अंशांची थंडीही सोसतो, आणि नाशिकच्या हिवाळ्यात हे मोठं काम आहे. त्याच्याबरोबर एक हनी गुरामी, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, मधाच्या रंगाचा, शांत. आठ झेब्रा आणि एक हनी गुरामी, एवढ्यावर दोन फुटांची टाकी भरलेली दिसते.

रंग पाहून फसू नका. फ्लोरोसंट गुलाबी, हिरवे, निळे दिसणारे काचमासे कुठे दिसले तर घेऊ नका. तो आपल्या नद्यांतला पारदर्शक ग्लासफिश असतो, त्याच्या अंगात सुईने रंग टोचलेला असतो. रंग काही महिन्यांत उडतो, आणि टोचण्याच्या जखमांनी त्याआधीच बरेचसे मरतात.

दुकानात गेल्यावर घाई नको. आपल्याकडे येणारे रंगीत मासे बहुतेक चेन्नईच्या कोळत्तूर भागातून किंवा कोलकात्याकडून पिशव्यांत बंद होऊन प्रवास करत येतात, थकलेले असतात. दुकानात आठवडा काढलेला मासाच घ्या. त्याच टाकीत एकही मेलेला मासा नको, पंख मिटलेले नकोत, पोट आत गेलेलं नको. दुकानदाराला समोर थोडं खाणं टाकायला सांगा, धावत न येणारा मासा घेऊ नका. घरी आणल्यावर पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग अर्ध्या तासात चार-पाच वेळा अर्धी वाटी टाकीतलं पाणी पिशवीत घाला, आणि मासा जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. नवे मासे पंधरा दिवस वेगळ्या टबात ठेवता आले तर पुढचा बराच त्रास वाचतो.

खाण्याच्या बाबतीत मी कडक आहे. छोट्या माशाचं पोट जवळजवळ त्याच्या डोळ्याएवढं असतं. दिवसातून दोनदा, दीड-दोन मिनिटांत संपेल एवढंच, दाणे मोठे असतील तर बोटांनी चुरून. आठवड्यातून एक दिवस उपास. मुलगी लहान आहे, तिला खाऊ घालायची हौस असणारच. म्हणून आठवड्याच्या चौदा छोट्या पुड्या करून ठेवा, उपासाच्या दिवसाच्या दोन रिकाम्या. मग आजी, मुलगी आणि पाहुणे अशा तिघांनी तीनदा घातलं, असं होत नाही.

नाशिकच्या डिसेंबरात घरातलं पाणी १७-१८ अंशांवर येतं. झेब्रा सोडले तर बाकीच्यांना २४ ते २७ अंश हवं. ५५ लिटरला ७५ वॉटचा थर्मोस्टॅटचा हीटर आणि वेगळा थर्मामीटर घ्या, हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका. पाण्यात हात घालण्याआधी सगळ्यांचे प्लग काढायचे, हा नियम मुलीसमोर दरवेळी पाळा. वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोळ घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे काचेवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या टोकाला टपकतं, सॉकेटपर्यंत जात नाही. उन्हाळ्यात उलटं. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. त्यात वीज गेली की मासे वर येतात. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असू द्या. साधा पंप टाकीच्या पातळीखाली ठेवला असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं खेचलं जाऊन पंपात आणि फरशीवर येतं.

थंडीत तापमान खाली-वर झालं की पहिला पाहुणा म्हणजे पांढरे ठिपके. अंगावर रवा भुरभुरल्यासारखे दिसतात, मासे खड्यांवर अंग घासतात. हा एकपेशीय परजीवी आहे. ठिपका म्हणजे त्वचेखाली बसलेला जीव, तिथे त्याला कुठलंही औषध लागत नाही. तो खाली गळून पडतो, खड्यांत फुगून शेकडो पिल्लं सोडतो, आणि ती पिल्लं पोहत नवा मासा शोधतात तेवढ्याच काळात ती मारता येतात. म्हणून तापमान दर काही तासांनी एक अंश असं वाढवत ३० वर न्यायचं, की हे चक्र भराभर फिरेल, हवा वाढवायची, आणि मीठ हळूहळू लिटरला दोन ग्रॅमपर्यंत न्यायचं. ठिपके तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसेनासे होतात आणि लोक उपचार थांबवतात. तिथेच रोग परत येतो. शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर चालू ठेवा, मग पाणी बदलत मीठ काढा. मीठ झाडांना बाधतं, तेवढी आधी बादलीत काढून ठेवा.

झाडांवरून आठवलं. प्लॅस्टिकची काढून टाका. जावा फर्न आणि अनुबियास दगडाला दोऱ्याने बांधलं की झालं, त्यांना खत-माती लागत नाही. घरातल्या मनीप्लांटची फांदी वरून मुळं पाण्यात सोडून ठेवा, नायट्रेट भराभर ओढते. दिवा रोज सहा-सात तास पुरे, जास्त ठेवलात तर शेवाळ. आणि संगमरवरी चुरा, शंख-शिंपले टाकीत असतील तर त्यांवर लिंबू पिळून बघा. फसफसलं तर ते पाणी जड करतात. गप्पींना चालेल, निऑनना नाही.

पुढे दर रविवारी पाव टाकी पाणी सायफनच्या नळीने खड्यांतली घाण ओढत काढा. महिन्यातून एकदा त्याच काढलेल्या बादलीभर पाण्यात स्पंज दोन-तीनदा दाबा. तो मळकाच राहू द्या.

कंटाळा आला तर मासे ओढ्यात, तळ्यात सोडू नका. देशातल्या बऱ्याच नद्या-तलावांत आज सकर पसरलेत ते असेच. उलट ओढ्यातले मासेही टाकीसाठी पकडून आणू नका. सह्याद्रीतल्या काही जाती एखाद्याच नदीत, एखाद्याच झऱ्यात उरल्यात. आंबोलीच्या हिरण्यकेशी उगमाजवळ सापडलेला छोटा मासा २०२० साली नवी जात म्हणून नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केली. केरळचा लाल पट्ट्याचा 'मिस केरळ' मासा तर बाजाराच्या मागणीमुळेच धोक्यात आला. तो घ्यायचाच असेल तर पैदास केलेला आहे का हे विचारून घ्या, आणि त्याला चार फुटांची टाकी लागते.

आज पाणी बदलून झालं की टेस्ट किट आणा आणि मुलीच्या हातात एक वही द्या. रोज संध्याकाळी अमोनिया, नायट्राइट आणि तापमान तिने लिहायचं. आठवड्याने मला ते आकडे कळवा, आणि सोसायटीत बोअरचं पाणी मिसळतात का हेही विचारून ठेवा. मग पुढचे सहा मासे कुठले ते सांगतो.